‘तीनशे चार’ आहे का? लिक्विड मारून बघताना या चुका टाळा

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये रेलिंगचा स्टेनलेस स्टीलचा पाइप उतरला की तो ३०४ ग्रेडचाच आहे ना, हे आधी लिक्विड मारून बघतात. छोटी बाटली, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन वायरी. थेंब टाकायचा, काही सेकंद करंट द्यायचा आणि रंग पाहायचा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत थेंब लाल झाला तर माल २०० सिरीजचा (म्हणजे २०२ वगैरे स्वस्त ग्रेडचा), पिवळट राहिला तर ३०४.

हे लिक्विड फक्त मँगनीज शोधतं. ३०४ मध्ये ते जास्तीत जास्त २ टक्के असतं, २०२ मध्ये ७.५ ते १० टक्के. निकेल महाग, मँगनीज स्वस्त, म्हणून २०२ चा पाइप ३०४ च्या भावात खपवायचा मोह. चकाकी दोघांची सारखीच. फरक कळतो तो रत्नागिरी-अलिबागकडच्या गच्चीवर, एक-दोन पावसाळ्यांनंतर, २०२ ला गंज धरतो तेव्हा.

या तपासणीतली खरी गोम अशी की ‘पास’ म्हणजे रंग न येणं. त्यामुळे काहीही बिघडलं, तरी माल पासच होतो. बॅटरी उतरलेली असेल, लिक्विड जुनं झालं असेल, क्लिप गंजली असेल, तर २०२ सुद्धा लाल होणार नाही आणि आपण बिनधास्त ‘३०४ आहे’ म्हणून मोकळे होऊ. सगळ्या चुका विकणाऱ्याच्या पथ्यावर पडतात.

वायरी उलट जोडणं हा त्यातला नेहमीचा प्रकार. पॉझिटिव्ह पाइपला आणि निगेटिव्ह थेंबात, असंच हवं. तेव्हाच पाइपचा धातू थोडासा विरघळून थेंबात उतरतो. उलट जोडलं तर पाइपवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, काहीतरी चाललंय असं वाटतं, पण मँगनीज बाहेरच येत नाही. थेंबातली वायर पाइपला टेकली तरी तेच, शॉर्ट होऊन बॅटरी तेवढी गरम होते.

प्लॅस्टिकची फिल्म, लॅकर, तेलकट हात, बफिंगचं मेण यांच्यावरून मारलेला थेंबही काही सांगत नाही. सोनेरी पीव्हीडी फिनिश (वाफेतून चढवलेला पातळ थर) किंवा क्रोम प्लेटिंग असेल तर आपण वरचा थर तपासतो, पाइप नव्हे. आतल्या बाजूला, कापलेल्या टोकाशी बारीक पॉलिश पेपर मारा. माइल्ड स्टीलवर फिरवलेली ग्राइंडरची चकती मात्र इथे अजिबात लावू नका. तिच्यातले लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि पुढे तिथूनच गंज धरतो. वेल्डजवळचा निळा-सोनेरी पट्टाही सोडा, तिथल्या पृष्ठभागाची घडण बदललेली असते.

लोहचुंबकाबद्दल दोन वाक्यं, कारण तो खिशात घेऊन फिरणारे अजून आहेत. २०२ ला तो सहसा चिकटत नाही, उलट अस्सल ३०४ वाकवली, ओढली की थोडी चिकटायला लागते. चुंबकाला चिकटणारी ४३० ग्रेड ओळखायला चुंबक ठीक, २०२-३०४ या जोडीसाठी निरुपयोगी.

३१६ या ग्रेडसाठीची मॉली (मॉलिब्डेनम शोधणारी) टेस्ट वेगळी. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि इथे रंग आला तर पास. पण कोणता रंग? काही किटमध्ये तपकिरी, काहींत नारिंगी-लाल. एका कंपनीचा रंगतक्ता दुसऱ्या कंपनीच्या बाटलीला लावणं ही चूक सर्रास होते.

लाल रंगाच्या पद्धतीत थायोसायनेट असतं. ते मॉलिब्डेनमशी नारिंगी-लाल होतं खरं, पण साध्या लोखंडाशीही गडद लाल होतं. लोखंडाचा लाल रंग दाबायला स्टॅनस क्लोराइड घालतात, आणि ते हवेने हळूहळू निकामी होतं. म्हणजे झाकण सैल राहिलेल्या जुन्या बाटलीने प्रत्येक तुकडा ‘३१६’ निघू शकतो! शिवाय रंग आला तरी सिद्ध होतं ते मॉलिब्डेनम. २२०५ डुप्लेक्स या दुसऱ्याच जातीच्या स्टेनलेसमध्येही ते साधारण ३ टक्के असतं.

निकेलची गुलाबी टेस्ट घरगुती वापरात दिसते, दागिन्यांवर कापूस घासून बघायची. तिच्यात डायमिथाइलग्लायॉक्झाइम आणि अमोनिया ही रसायनं असतात. ती स्टेनलेसवर नुसती घासून गुलाबी झाली नाही म्हणून ‘निकेल नाही’ असं समजू नका. क्रोमियम ऑक्साइडचा थर निकेलला सहज सुटू देत नाही, आणि ही टेस्ट सुटलेलं निकेलच पकडते.

उपाय खर्चाचा नाही. खात्रीच्या, टेस्ट सर्टिफिकेट असलेल्या मालाचे २०२, ३०४ आणि ३१६ चे तुकडे, ग्रेडचा नंबर पंच करून, बाटलीच्या डब्यातच ठेवा. दरवेळी आधी २०२ लाल होतो का ते बघायचं, मगच नवीन पाइपला हात लावायचा. मॉलीसाठी ३०४ आणि ३१६ शेजारी ठेवून, किटवर लिहिलेल्या वेळेतच रंग वाचायचा. उशिरा बदललेला रंग धरायचा नाही.

३०४ आणि ३०४एल यांच्यात फरक कार्बनचा, ०.०८ आणि ०.०३ टक्क्यांपर्यंत. तो कुठल्याच थेंबाला कळत नाही, हातातल्या एक्सआरएफ गनलाही (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्राला) नाही. तिथे लॅबचा स्पेक्ट्रो रिपोर्टच (धातूतल्या घटकांचं प्रमाण सांगणारा) लागतो, आणि टाकी किंवा प्रेशरच्या पाइपलाइनसाठी मी तो मागितल्याशिवाय माल उतरवून घेणार नाही.

लिक्विडमध्ये ॲसिड असतं. हातमोजे, चष्मा घाला, खाण्याच्या भांड्याच्या आतल्या बाजूला ते लावू नका. थेंब पाण्याने धुऊन पुसून टाका, नाहीतर चांगल्या ३०४ वरही डाग उरतो आणि मग गिऱ्हाईक विचारतं, ‘हे काय, गंजलं की काय?’