अ‍ॅन आर्बरच्या मैदानावर पहिला सामना पाहताना

मुलगा किंवा मुलगी मिशिगन विद्यापीठात शिकत असेल आणि गणपती ते दिवाळी या दिवसांत आपले तिकडे जाणे होणार असेल, तर एक शनिवार फुटबॉलच्या सामन्यासाठी राखून ठेवावा. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून पळण्याचा अमेरिकी खेळ. सामना नावाला साठ मिनिटांचा असतो, पण थांबत थांबत साडेतीन तासांपर्यंत चालतो, आणि काहीच माहिती नसताना जाऊन बसलेला पाहुणा पहिल्या तासातच जांभया देऊ लागतो. म्हणून थोडी पूर्वतयारी करून जाणे बरे.

आधी सामना निवडावा. ओहायो स्टेट विद्यापीठाशी होणारी लढत हंगामाच्या शेवटी, नोव्हेंबरअखेरच्या शनिवारी होते. विषम वर्षी ती मिशिगनच्या अ‍ॅन आर्बर गावी असते आणि सम वर्षी ओहायो स्टेटच्या कोलंबसला. ही लढत १८९७ पासूनची आहे आणि दोन्ही गावांत तिचे महत्त्व सणासारखे आहे. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या दिवशी तिकीट अतिशय महाग असते, थंडी कडाक्याची असते आणि शेजारी बसलेला प्रेक्षक शंका सोडवण्याच्या मनःस्थितीत नसतो. सप्टेंबरमधला एखादा साधा सामना निवडावा. पिशवी आत नेण्याचे नियम कडक असल्याने ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी वाचून घ्यावेत.

नियमांपैकी एकच नियम पक्का समजला तरी खेळ उलगडू लागतो. चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे असते. तेवढे सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे जड जात नाही, कारण चढाई, पकड आणि इंचाइंचाने मिळवलेली जागा यांवरच दोन्ही खेळ उभे आहेत. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला तर सहा गुण आणि त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी एक गुण मिळतो. तिथवर पोहोचता आले नाही, तर लांबून किक मारून तीन गुण मिळवता येतात.

सामन्याच्या दिवशी किमान तीन तास आधी पोहोचावे. समोरच्या गोल्फच्या मैदानावर गाड्यांच्या डिक्या उघडून लोक शेगड्या पेटवतात आणि ओळख नसतानाही पाहुण्याला खाण्याचा आग्रह करतात. मांसाहार न करणाऱ्यांनी आपला डबा तिथेच उरकून घ्यावा. १९२७ साली उघडलेले हे स्टेडियम बाहेरून अपेक्षेपेक्षा ठेंगणे दिसते, कारण त्याचा बहुतांश भाग जमिनीत खोदलेला आहे. आत शिरल्यावर मात्र १,०७,६०१ प्रेक्षकांची ती प्रचंड परात एकदम डोळ्यांसमोर येते. आकड्याच्या शेवटचा एक म्हणजे पूर्वीचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिस्लर यांच्या सन्मानार्थ राखलेली जागा, असे सांगतात. ती नेमकी कोणती, हे कोणी सांगत नाही.

कपडे मक्याच्या दाण्यासारखे पिवळे किंवा गडद निळे असावेत. लाल रंग टाळावा, कारण तो ओहायो स्टेटचा. सामना सुरू होण्याच्या अर्धा तास आधी जागेवर बसावे, कारण बँडपथकाचे संचलन चुकवण्यासारखे नाही: पथकप्रमुख मागे वाकत वाकत डोके जमिनीला टेकवतो आणि स्टेडियम दणाणून जाते. त्यानंतर खेळाडू धावत येऊन मैदानावर धरलेल्या निळ्या फलकाला उडी मारून हात लावतात; ही प्रथा १९६२ पासूनची. विजयगीत मात्र त्याहून जुने आहे. लुई एल्बेल या विद्यार्थ्याने ते १८९८ साली शिकागो विद्यापीठावरच्या विजयानंतर रचले. गीतात ‘हेल’ हा शब्द आला की मूठ वर करायची, एवढे जमले तरी पुरे.

मिशिगनच्या खेळाडूंच्या शिरस्त्राणावर रंगवलेले पंख केवळ शोभेचे नाहीत. क्रिस्लर यांनी १९३८ मध्ये ते आणले, त्यामागे चेंडू फेकणाऱ्याला आपले खेळाडू लांबून ओळखता यावेत हा हेतू होता. मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात पाण्याच्या एका जगसाठी झुंज होते. १९०३ साली मिशिगनचा संघ तीस सेंटला घेतलेला तो जग तिथे विसरून आला आणि पुढे तोच दोघांमधला चषक झाला. पण या इतिहासाची दुसरी बाजूही पाहुण्याला ठाऊक असावी. १९३४ मध्ये जॉर्जिया टेकचा संघ विलिस वॉर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध खेळायला तयार नव्हता, आणि मिशिगनने वॉर्डलाच त्या सामन्यातून वगळले. त्याचा मित्र आणि संघातला सहकारी जेराल्ड फोर्ड पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

सकाळी वेळ असेल तर जवळच्या फेरी फील्डवर चक्कर मारावी. २५ मे १९३५ रोजी धावपटू जेसी ओवेन्सने तिथे सुमारे पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली, त्याची ८.१३ मीटरची लांब उडी पुढची पंचवीस वर्षे कोणाला ओलांडता आली नाही. गंमत अशी की ओवेन्स धावत होता ओहायो स्टेटसाठी, तरीही त्याच्या पराक्रमाची पाटी मिशिगनने आपल्या मैदानावर लावली आहे.

फुटबॉलचे तिकीट मिळाले नाही, तर हिरमुसण्याचे कारण नाही. २००५ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला महिलांचा सॉफ्टबॉल संघ वसंतात खेळतो, आणि ऑक्टोबरपासून योस्ट अरीनात बर्फावरची हॉकी सुरू होते. पुरुषांच्या हॉकी संघाने नऊ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत आणि छोट्या सभागृहात खेळ अगदी हाताच्या अंतरावर दिसतो. बाहेर ऊन असले, तरी तिथे जाताना स्वेटर बरोबर न्यावा.