'सगळे फेरेट मेले' अशी बातमी आली तर वाचायची कशी

२०२५ च्या मार्चमध्ये आपल्या सोलापुरात संभाजी तलाव, किल्ला बाग तिकडं कावळे मरून पडायला लागले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा माझ्या बारावीच्या पोरांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता, अमेरिकेत प्रयोगात १०० टक्के फेरेट (मुंगसासारखा लांबट प्राणी) मेले, आता माणसांचा नंबर. एक मुलगी खरंच रडवेली होऊन क्लासला आली, घरात अंडी बंद, आजी कुणाला गच्चीवर जाऊ देईना. आता प्रयोगाची बातमी खोटी नव्हतीच, पण ती वाचायची कशी हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी प्राणी कोणता ते बघा. कोविडचा मूळ विषाणू साध्या उंदराच्या पेशीला नीट चिकटतच नव्हता, म्हणून माणसाचा एसीई२ रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची विषाणू चिकटायची जागा, घातलेले उंदीर वापरले. ते मरायचे, पण बऱ्याचदा विषाणू मेंदूत पोचल्यामुळं, आणि माणसांना मुख्य त्रास फुप्फुसाचा. म्हणून किती मेले एवढ्यावर थांबू नका, कशानं मेले ते शोधा. हॅमस्टरला जीन न बदलता लागण होते, रोज वजन केलं की ते उतरताना दिसतं, फुप्फुसात न्यूमोनिया होतो, आणि साधारण दोन आठवड्यांत बहुतेक सावरतात. फ्लूसाठी १९३३ पासून फेरेट वापरतात, त्याच्या श्वासनलिकेतले रिसेप्टर माणसासारखे आणि तो शिंकतोही.

मग डोस. प्रयोगात मोजून भरपूर विषाणू थेट नाकात सोडतात, बाजारात कोंबडीजवळून गेल्यावर तसं होत नाही.

आता तो फॉरवर्ड उलगडू. २०२४ मध्ये टेक्सासमधल्या डेअरी कामगाराकडून मिळालेला एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू फेरेटना दिला, सहाच्या सहा मेले. १०० टक्के म्हणजे सहा, हा आकडा आधी फळ्यावर लिहा. आणि ज्या माणसाकडून विषाणू घेतला त्याला झालं काय, तर डोळे आले, आणि तो बरा झाला! मग प्रयोग फुकट का? अजिबात नाही. नेहमीच्या फ्लूनं फेरेट आजारी पडतात पण मरत नाहीत, त्यामुळं हा विषाणू गंभीर आहे हे यातनं कळतंच. तुलनेचा गट बघायचा तो यासाठी. पसरण्याचं वेगळं बघा: आजारी फेरेटसोबत एकाच पिंजऱ्यात ठेवलेल्या तिन्ही निरोगी फेरेटना लागण झाली, नुसत्या हवेतून तिघांपैकी एकालाच.

अशा प्रयोगांचा खरा उपयोग विषाणूंची आपसात तुलना करायला आणि लस तपासायला. कोव्हॅक्सिन पुण्याच्या एनआयव्हीनं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, हॅमस्टर आणि माकडांवर तपासली होती. त्या जिवांनी सोसलेलं असतं, म्हणून त्यातनं निघालेली माहिती अर्धवट पसरवू नये असं मला मनापासून वाटतं.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, आजीला म्हणावं अंडी, चिकन पूर्ण शिजवून खा, आणि गच्चीवर मेलेला कावळा दिसला तर हात लावायचा नाही, पशुसंवर्धनवाल्यांना कळवायचं.