भूतानला फिल्डवर्कला जाताय? आधी मुंबईतल्या आरेच्या पाड्यावर जाऊन या

आमच्या डिपार्टमेंटची ज्युनिअर पोरं दरवर्षी विचारतात की शाश्वत विकासावर फिल्डवर्क करायला भूतान कसंय, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. जा, नक्की जा. अख्ख्या देशाची लोकसंख्या आठ लाखांच्याही आत, त्यामुळे राजधानीत ठरलेली गोष्ट शेवटच्या गावात पोचते तेव्हा तिचं काय होतं हे तिथं डोळ्यांनी बघता येतं.

कागदपत्रांचं पटकन सांगते. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधारवर भागत नाही. आपल्यासाठी माणशी रात्रीचे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, ते बजेटमध्ये आधीच धरा, दहा रात्रींचे बारा हजार होतात. आणि टूरिस्ट म्हणून जाऊन गावात फॉर्म वाटत फिरू नका प्लीज, तिथल्या कॉलेजशी आधी बोला, शेती-जंगल विषय असेल तर लोबेसाचं कॉलेज ऑफ नॅचरल रिसोर्सेस आहे.

आता महत्त्वाचं. तिथल्या २००८ च्या संविधानातच लिहिलंय की किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे. वाचून आपण भारावतो, पण फिल्डवर जाताना एकच प्रश्न सोबत न्यायचा: याची झळ कोणाला बसते? मी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली घेऊन फोबजिखा खोऱ्यात गेले होते, एका काकूंनी सगळ्याला हो हो म्हटलं, फॉर्म भरला, हाती काहीच आलं नाही. संध्याकाळी त्यांच्या चुलीपाशी बसून बटाटे सोलू लागले तेव्हा त्या आपणहून बोलायला लागल्या, की जंगल वाढलं तशी रानडुकरंही वाढली, पीक तयार झालं की घरातलं कोणीतरी रात्रभर शेतात जागतं. त्याच खोऱ्यात हिवाळ्यात तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच येतात, त्यांना इजा होऊ नये म्हणून विजेच्या तारा जमिनीखालून नेल्यात. काकूंना क्रौंचांचा अभिमान होता आणि डुकरांचा वैतागही, दोन्ही तितकंच खरं, आणि दोन्ही वहीत आलं पाहिजे.

म्हणून निघायच्या आधी दोन-तीन रविवार आरेतल्या वारली पाड्यांवर घालवा. बिबट्या जगला पाहिजे असं आपण फ्लॅटमध्ये बसून म्हणतो, पण अंधारात घराबाहेर पडावं लागणाऱ्या बाईला काय वाटतं ते तिच्या तोंडून ऐका, तेही फॉर्म न काढता. आधी कामाला हात लावायचा, मग विचारायचं, आणि ‘तुम्ही सुखी आहात का’ हे तर कधीच विचारू नका, भूतान सुखाच्या मोजमापासाठी प्रसिद्ध आहे म्हणून प्रत्येक पाहुणा तेच विचारतो. त्यापेक्षा काल सकाळपासून काय काय केलंत ते विचारा.

भूतानमध्ये हिंदी बऱ्याच जणांना समजते, पण म्हाताऱ्या माणसांशी बोलायला तिथल्याच कॉलेजचा विद्यार्थी सोबत हवा, आणि त्याला मानधन द्या, फुकट राबवू नका. वीज हा विषय घेतलात तर हिवाळा धरून बघा. उन्हाळा-पावसाळ्यात भूतान आपल्याला वीज विकतो, थंडीत नद्यांचं पाणी घटलं की आपल्याकडूनच विकत घेतो, नुसतं पावसाळ्यात गेलात तर अर्धीच गोष्ट दिसेल.

रोजच्या नोंदी त्याच रात्री लिहा, भलेही थंडीने बोटं आखडू देत. आणि परत आल्यावर रिपोर्ट फक्त गाईडला देऊ नका, त्याची दोन पानं सोप्या भाषेत करून, त्या विद्यार्थ्याकडून जोंगखामध्ये, म्हणजे भूतानच्या राष्ट्रभाषेत, उतरवून घेऊन, गावात फोटोंसकट पाठवा. मी पाठवली तेव्हा काकूंनी उलट निरोप धाडला की डुकरांबद्दल एक गोष्ट चुकीची लिहिलीयस, आणि ती मी सबमिशनच्या आधी दुरुस्त केली.