वेचणीच्या आधी आयुष्मान कार्ड काढून ठेवा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. आमच्याकडे माणूस आजारी पडला की घरचे आधी वावर कोणाकडे गहाण ठेवता येईल ते पाहतात, कागद मागून शोधतात. म्हणून हे लिहिते.

आयुष्मान कार्ड, म्हणजे दवाखान्यातल्या फुकट उपचाराच्या सरकारी योजनेचं कार्ड, कापूस वेचणीच्या आधीच काढा. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरबाडून निघतात. दिवाळीनंतर बायांच्या अंगठ्यावर रेषाच दिसत नाहीत, मग मशीन अंगठा घेत नाही. आमच्या गल्लीतली एक काकू तीनदा सेतूवर जाऊन हात हलवत परत आली, तीन दिवसांची मजुरी बुडाली. असं झालं तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवा, नाहीतर चेहरा दाखवून करा म्हणा. आधारवर ‘शांताबाई’ आणि रेशनकार्डावर ‘शांता’ असेल तरी अडतं. ते घरूनच पाहून जा.

हे कार्ड महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही चालतं. त्या योजनेत आता पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. पण योजनेतल्या दवाखान्यात, ठरलेल्या आजारांसाठी आणि भरती झाल्यावरच. म्हणून दवाखान्यात पाय ठेवला की पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाचा, टेबल विचारा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्हाला हे माहीत नव्हतं. दहा हजार डिपॉझिट भरलं, ते व्याजाने काढलेले होते. कोणी पैसे मागितलेच तर तिथूनच 155388 ला फोन लावा, आणि पावती घेतल्याशिवाय रुपया देऊ नका.

बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या या कार्डावर मिळत नाहीत. इथेच आपली माणसं जास्त खचतात, कारण दर महिन्याचा खर्च कोणाला दिसत नाही. त्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या. 15 ऑगस्ट 2023 पासून तिथे केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. साठा संपला म्हणाले तर गोळी बंद करू नका, त्याच दिवशी आशाला सांगा. आम्ही दुसऱ्या केंद्रात विचारतो.

साप चावला, छातीत दुखलं, तर सरळ 108. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका.

आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड आणि जुनी डिस्चार्ज कार्डं एकाच प्लास्टिकच्या थैलीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगा. थैली कुठे आहे ते घरातल्या शाळकरी लेकरालाही दाखवून ठेवा. मोठी माणसं दिवसभर वावरात असतात.