नाण्याच्या फोटोत लेन्सची सावली आणि मधोमध पांढरा डाग: माझा अनुभव

लक्षण असं: व्हिक्टोरिया राणीचा १८६२चा चांदीचा रुपया, कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमी किट लेन्स. जवळ जावं तर नाण्यावर लेन्सचीच सावली, लांब राहावं तर अक्षरं बारीक. रिंग लाइट (लेन्सभोवतीचा गोल दिवा) लावला तर मधोमध पांढरा डाग, राणीचा चेहरा सपाट. दुकानदार म्हणाला, नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्या. डोकंच फिरलं.

बॉडी तीच ठेवली. रुपयाचा व्यास सुमारे ३०.५ मिमी, माझ्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी सेन्सरची (चित्र टिपणाऱ्या चिपची) उंची सुमारे १५ मिमी; म्हणजे १:२ मॅग्निफिकेशन (सेन्सरवर नाण्याची निम्म्या आकाराची प्रतिमा) पुरतं. म्हणून जुनी, हाताने फोकस करायची १०५ मिमी मॅक्रो (लहान वस्तू जवळून टिपणारी लेन्स) घेतली. ती नाण्यापासून वीतभर वर राहते, सावली पडतच नाही. (शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, लहान; तिला एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, लागते.)

मग या क्रमाने: कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बसवा. नाण्याच्या जागी आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मधोमध दिसेपर्यंत कॅमेरा सरळ करा. आरसा काढून नाणं ठेवा. एकसारखे दोन एलईडी दिवे, घड्याळातल्या १० आणि २च्या जागी, लेन्सच्या जवळ पण उंच. खोलीतले बाकी दिवे बंद. ग्रे कार्डवर (करड्या रंगाच्या पुठ्ठ्यावर) व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग खरे येतात. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं थेट चित्र) १० पट मोठा करून केसांच्या बटांवर फोकस. २ सेकंदांचा टायमर.

आणि पंखा बंद! सोलापूरच्या मे महिन्यात हे जिवावर येतं, पण टेबल थरथरलं की सगळं पुसट. शेजारी यंत्रमाग असेल तर ते थांबल्यावरच बसा.