एमडीएफला पेंट करायचाय? मग आधी कडा बघा

कपाटाची किंवा किचनची शटर्स रंगवून हवी असतील तर एमडीएफसारखा बोर्ड नाही, माझं तरी हेच मत आहे. लाकडाचे बारीक तंतू रेझिन घालून गरम प्रेसखाली दाबलेले असतात, म्हणून त्यात ना रेघा ना गाठी. प्लायवर रंग मारला की काही दिवसांनी खालच्या रेघा वर दिसायला लागतात, ते इथे होत नाही, आणि राऊटरने (लाकूड कोरायच्या मशीनने) खोबणी काढली तरी आत थर दिसत नाहीत.

पण खरी गोम कडेत आहे. वरचा भाग प्रेसमुळे घट्ट असतो, कापलेली कड मात्र मोकळी, प्राइमर मारला की पिऊन टाकते आणि वर पुन्हा खरखरीत. त्यामुळे कड आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा थर, किंवा प्राइमरचा एक हात, पूर्ण सुकलं की उभे राहिलेले तंतू ३२० ने घासा, परत हात, असं बोट फिरवल्यावर कड आणि सपाट भाग सारखाच लागेपर्यंत करायचं. पाण्याचा प्राइमर पहिल्या हाताला नकोच, त्याने तंतू फुगतात. कोपरे जरासे गोल करून घ्या, धारेवर रंग टिकत नाही.

पाठीमागची बाजूही सील करा बरं का! मिस्त्री म्हणतात मागे कोण बघतंय, पण एकच बाजू रंगवली तर दुसरी बाजू हवेतला ओलावा ओढत राहते आणि शटर वाकतं.

फिनिशला ड्युको (स्प्रेने मारायचा एनसी लॅकर रंग) स्वस्त आणि झटपट सुकतो, पण ओरखडे आणि डाग यांच्यापुढे पीयू जास्त टिकतो, म्हणून किचनला पीयूच घ्या. पांढरा रंग असेल तर न पिवळं पडणारा पीयू स्पष्ट सांगून मागा. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे स्प्रेचं काम शक्यतो काढू नका, दमट हवेत ड्युको पांढुरका पडतो, पीयूला बुडबुडे येतात. स्प्रे करणाऱ्याला वाफ अडवणारा कार्ट्रिज मास्क हवाच, पीयूच्या हार्डनरमधलं (रंग कडक व्हायला त्यात मिसळतात ते) आयसोसायनेट हे रसायन फुफ्फुसाला फार वाईट, साधा रुमाल काही कामाचा नाही. कापताना, घासताना उडणारा भुसाही फार बारीक असतो, तिथे धुळीचा मास्क लावा.

सिंकखाली आणि बाथरूममध्ये साधा एमडीएफ लावूच नका, एकदा पाणी पिऊन फुगला की परत बसत नाही, तिथे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) प्लाय बरा. किचनच्या बाकीच्या शटर्सना एचडीएचएमआर (एमडीएफसारखाच, पण जास्त घट्ट बोर्ड) घेतला तर ओलाव्याला जास्त तग धरतो, रंगही छान बसतो. स्क्रू कडेत मारायचा तर आधी ड्रिलने भोक पाडा, नाहीतर बोर्ड उलतो. आणि १८ मिमीची ८ बाय ४ ची शीट साधारण ४० किलो भरते, तेव्हा उंच शटरला दोनवर भागवू नका, बिजागऱ्या जास्त लावा.