लक्ष लागत नाही? आधी जुनी प्रगतिपुस्तकं शोधा

मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकलला टेबलाशी उभं राहिलं की कोणाचं लक्ष कुठे निसटतं ते दिसतं. एक मुलगी टायट्रेशनला ब्युरेटचं (म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीचं) सुरुवातीचं रीडिंग लिहायलाच विसरायची. फ्लास्कमध्ये गुलाबी छटा आली की मग वहीकडे धाव, आणि सगळं पहिल्यापासून. थिअरी तिला वर्गात सगळ्यांच्या आधी कळायची, जर्नल मात्र कायम अर्धं. घरचे तिला आळशी म्हणायचे. हल्ली अशी मुलं स्वतःच येऊन विचारतात, "मॅडम, मला एडीडी असेल का?" एडीडी म्हणजे लक्ष टिकवणं लहानपणापासूनच अवघड जाण्याचा त्रास. तो आहे की नाही हे रील बघून ठरवू नका. शोध कसा घ्यायचा ते सांगते.

आधी घरी फोन करा आणि माळ्यावरची प्राथमिक शाळेतली प्रगतिपुस्तकं काढायला सांगा. एडीडी हे जुनं नाव, आता डॉक्टर एडीएचडी म्हणतात. त्याची काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. म्हणून "हुशार आहे, पण लक्ष देत नाही", "गृहपाठ अपूर्ण" असे शेरे मोलाचे. त्यांचे फोटो काढून ठेवा. शेरे चांगले असले तरी लगेच विषय सोडू नका. शांत बसणाऱ्या मुली बऱ्याचदा कोणाच्या नजरेत येत नाहीत. आणि आई रोज शेजारी बसून अभ्यास घेत असेल, दप्तर भरून देत असेल, तर त्रास झाकला जातो. हॉस्टेलला आल्यावर तो आधार जातो आणि पहिल्याच सेमिस्टरला गाडी अडते. म्हणून आईला नेमकं विचारा: डबा, छत्री, कंपास किती वेळा हरवायचे? एक काम सांगितलं की मध्येच दुसरीकडे जायचे का?

हा त्रास वर्षभरातलाच असेल तर कारण बहुधा वेगळं असतं. जागरण, चिंता, नैराश्य, थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, यांपैकी कशानेही डोकं असंच चालतं, आणि या सगळ्यांवर उपचार आहेत. आठवडा-दोन आठवडे झोपेच्या वेळा वहीत लिहा.

मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून दाखवता येतं. रक्ततपासणी किंवा स्कॅन करून एडीएचडीचं निदान होत नाही, ते होतं सविस्तर बोलण्यातून. वय 17 किंवा जास्त असेल तर लक्ष न लागण्याच्या नऊ किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणं हवीत, आणि ती सहा महिने तरी टिकलेली आणि कॉलेज, घर अशा दोन ठिकाणी दिसणारी हवीत. ऑनलाइन प्रश्नावली फक्त चाळणी आहे. कुठे जावं कळत नसेल तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं.

मित्राची एडीएचडीची गोळी परीक्षेच्या आदल्या रात्री घेऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. एडीएचडीवर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. आपल्याला किंवा घरात कोणाला हृदयाचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगावं लागतं.

निदान होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. त्या मुलीच्या ब्युरेट स्टँडवर आम्ही चिकटपट्टी लावली: "रीडिंग लिहिलं?" तिची पार्टनर ते मोठ्याने विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत नळी उघडायची नाही असं ठरलं. जर्नल महिनाअखेरीला न ठेवता प्रत्येक प्रयोगाची गणितं लॅबमधून बाहेर पडायच्या आधी करून माझी सही घ्यायची. अभ्यास खोलीत एकटीने न करता अभ्यासिकेत, मैत्रिणीच्या शेजारी. फोन मैत्रिणीच्या बॅगेत. तिला सगळ्यात जास्त उपयोग या शेजारी बसण्याचा झाला.

एखाद्या शिक्षकाला विश्वासात घ्या. परीक्षेत सवलत मिळते का, हे विचारायला डॉक्टरांचं पत्र घेऊन परीक्षा विभागात सेमिस्टरच्या सुरुवातीलाच जा. हॉल तिकीट हातात आल्यावर कोणाला काही करता येत नाही.